सेवेचे मोल जाणणारा राजा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम श्रीशिवछत्रपतींचेच नाव आले. महाराजांवर आजवर इतके ग्रंथ झाले आहेत, की आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने त्यांत काय भर घालावी, असा संकोचही वाटला. तथापि, गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातिबांधवांच्या बैठकीत जी एक तक्रार वारंवार कानी पडते, तिने आम्हांस या चरित्राकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यास भाग पाडले. आपल्यापैकी कोणाच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, कोणाची दुकाने आहेत, कोणाच्या होड्या समुद्रावर जातात. सर्वांचे गाऱ्हाणे एकच, की माणूस टिकत नाही. चार महिने काम शिकतो आणि पाचव्या महिन्यात मुंबईची वाट धरतो. दोष अर्थातच जाणाऱ्याच्या पदरी घातला जातो.

ज्या राजाजवळ आरंभी ना मोठा खजिना होता ना बादशाही मानमरातब, त्याच्याजवळ माणसे का टिकली? विजापूर आणि दिल्ली या दोन बलाढ्य सत्ता अधिक देण्यास उभ्या असता ती का हलली नाहीत? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने महाराजांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. वडील शहाजीराजे दक्षिणेतील नामांकित सरदार. मातोश्री जिजाबाईंच्या देखरेखीखाली पुणे परगण्यात त्यांचे बालपण गेले. मावळच्या खोऱ्यांतील देशमुख, पाटील आणि सामान्य शेतकरी यांच्या सहवासात ते वाढले. ही माणसे काटक होती, परंतु प्रत्येकाचे मन आपापल्या वतनात गुंतलेले. वतन ज्याच्या हाती त्याची चाकरी करावी, असा तेव्हाचा रिवाज होता. अशा माणसांना एका कार्यात गोवणे आणि गोवलेले टिकविणे, हे तरुण शिवाजीराजांपुढचे पहिले संकट होते.

१६५६ साली जावळी त्यांच्या हाती आली आणि त्याबरोबर रायरीचा डोंगर आला, तोच पुढे रायगड म्हणून विख्यात झाला. जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी मुरारबाजी देशपांडे नावाचा वीर होता. शत्रूच्या बाजूने लढलेला हा मनुष्य महाराजांनी आपल्या सेवेत घेतला आणि जबाबदारीची कामे त्याच्यावर सोपविली. त्याचे फळ १६६५ साली पुरंदरावर दिसले. दिलेरखानाने मुरारबाजीचे शौर्य पाहून त्याला कौल देऊ केला, मोठ्या सन्मानाने वागविण्याची तयारी दाखविली. मुरारबाजीने तो कौल तिथल्या तिथे धुडकावला आणि लढता लढता देह ठेवला. समोर मोगलांची दौलत आणि मागे वेढ्यात सापडलेला किल्ला असताना मनुष्य असे उत्तर देतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारी गोष्ट पैशाहून मोठी असली पाहिजे हे उघड आहे.

परंतु म्हणून महाराजांनी पैशाला गौण मानले, असा समज कोणी करून घेऊ नये. हीच चूक आपण आज सर्रास करतो. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजी येथे बखर लिहिली. तीत लष्कराची व्यवस्था तपशिलाने दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि त्यांच्यावर पंचहजारी अशी चढती पायरी होती. जुमलेदारास सालिना ५०० होन, हजारीस १,००० होन, पंचहजारीस २,००० होन असा दर ठरलेला होता. सामान्य बारगिरालाही वरची पायरी डोळ्यांसमोर दिसत असे आणि तिथे चढल्यावर काय मिळणार हेही ठाऊक असे. मुख्य म्हणजे पगार रोख मिळे. गाव तोडून देऊन चाकराने आपला खर्च तेथून वसूल करून घ्यावा, हा जुना प्रघात महाराजांनी लष्करापुरता कटाक्षाने मोडला. कारण गाव मिळालेला चाकर गावाचा धनी होऊन बसतो. रयत नाडली जाते, आणि मग राजाच्या कामापेक्षा स्वतःचा वाडा बळकट करण्याकडे त्याचे लक्ष लागते.

मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची नोंद होई. परत आल्यावर झाडा घेतला जाई आणि लूट सरकारात जमा होई. छावणीत हिशेब झाले, की ज्याने कष्ट केले त्याला वाढविले जाई, आणि ज्याचे वर्तन बेकैद त्याची दहाजणांत चौकशी करून त्याला दूर केले जाई. कोणाला का चढविले आणि कोणाला का काढले, हे सर्वांसमक्ष होत असल्यामुळे कुजबुजीला जागा राहत नसे. आमच्या मते साऱ्या व्यवस्थेचे मर्म येथे आहे. बक्षीस थोडे असले तरी चालते. ते कोणत्या कामाचे आहे हे मात्र सर्वांना कळले पाहिजे. एरवी एकाला दिलेले बक्षीस नऊ जणांची मने मोडते.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला आणि त्याच्या फौजेचा पाडाव झाला. या प्रसंगाआधी विजापूरच्या बादशहाने मावळच्या देशमुखांना खानाला मिळण्याचे फर्मान पाठविले होते. न मिळाल्यास वतन जाणार, हे ठरलेले. कान्होजी जेधे आपल्या पाचही मुलांसह महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडले. महाराजांनी प्रथम काय केले, तर त्यांच्या बायकामुलांना सुरक्षित स्थळी ठेवण्याची व्यवस्था केली. घरची चिंता दूर झाल्यावाचून मनुष्य रणात स्थिर उभा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विजयानंतर जी वाटणी झाली, तिचा तपशील सभासदाने दिला आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत चालविले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या विधवांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून २५, ५०, १०० आणि २०० होनांपर्यंत रक्कम दिली. नामांकित वीरांना हत्ती, घोडे, कडी, तुरे, पदके असे मान मिळाले. वाचकहो, येथे क्रम ध्यानात घ्यावा. मेलेल्याचे घर, जखमीची जखम आणि शूराचे कडे, यांपैकी एकाचाही विसर पडलेला नाही.

मानपान ही मोठी नाजूक वस्तू असते. पैसा सर्वांना वाटता येतो, पहिला मान एकालाच देता येतो. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे यांनी आपले प्राण वेचून महाराजांना वाट करून दिली. तोवर तलवारीचे मानाचे पहिले पान जेध्यांचे होते. बांदलांच्या बलिदानानंतर हा मान त्यांना मिळावा, असे महाराजांच्या मनात आले. जेध्यांच्या घराण्याच्या कागदांत नमूद आहे, की महाराजांनी ही गोष्ट त्यांच्या संमतीने केली. एकाचा मान वाढविताना दुसऱ्याचा परस्पर हिरावून घेतला असता, तर एक घर जोडले जाऊन दुसरे तुटले असते. येथे दोन्ही घरे राहिली.

महाराजांच्या हातून या बाबतीत कधी चूक झालीच नाही, असे लिहिणे म्हणजे चरित्र सोडून आरती लिहिणे होय. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्यावरील छापा फसला, पुष्कळ माणूस कामी आले. सरनोबत नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. नेताजी विजापूरकरांकडे आणि तेथून मोगलांकडे गेले. बादशहाने त्यांना धर्मांतरित करून दूर वायव्येच्या मोहिमांवर धाडले. स्वराज्याचा सरनोबत दहा वर्षे परक्यांच्या कामी लागला. परंतु १६७६ साली तेच नेताजी परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांना विधिपूर्वक शुद्ध करून घेऊन पुन्हा आपल्यात सामावून घेतले. दुसरा प्रसंग प्रतापराव गुजरांचा. हाती आलेला बहलोलखान त्यांनी सोडून दिला, याबद्दल महाराजांनी कठोर शब्दांत कानउघाडणी केली. ते शब्द या स्वाभिमानी सेनापतीच्या इतके जिव्हारी लागले, की फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ मूठभर स्वारांनिशी त्यांनी शत्रूवर झेप घेतली आणि ते पडले. महाराजांना अपार दुःख झाले. प्रतापरावांची कन्या त्यांनी आपल्या राजारामासाठी सून म्हणून करून घेतली. धन्याचा शब्द चाकराच्या मनावर केवढा घाव घालतो, याचा विचार आपण धनी मंडळींनी अवश्य करावा.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. गडावरील इमारती ज्याने उभ्या केल्या, तो हिरोजी इंदुलकर. त्याचे नाव जगदीश्वराच्या मंदिरातील संस्कृत शिलालेखात आहेच. त्याशिवाय त्याच मंदिराच्या एका पायरीवर, सेवेसाठी सदैव तत्पर असलेला हिरोजी, अशा आशयाची अक्षरे कोरलेली आजही दिसतात. परंपरा अशी सांगते, की काय बक्षीस हवे असे महाराजांनी विचारले, तेव्हा हिरोजीने धन मागितले नाही. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ पडेल अशा पायरीवर आपले नाव असावे, एवढेच मागितले. कथेचा भाग बाजूस ठेवला तरी दगड खोटे बोलत नाही. बांधकाम करणाऱ्याचे नाव राजधानीच्या देवळावर राहू द्यावे, एवढे मोठे मन त्या राजाचे होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभिली. समुद्रावरचा चाकर जमिनीवरच्या चाकराहून वेगळा असतो. त्याची विद्या त्याच्या अंगात असते. एका धन्याकडून उठून दुसऱ्याकडे गेला, की विद्या त्याच्याबरोबर जाते. मुरुडसमोर जंजिऱ्याचा सिद्दी ठाण मांडून बसलेला होता. त्याला शह देण्यासाठी जवळच कांसा बेटावर महाराजांनी पद्मदुर्ग उभारला. जानेवारी १६७५ मधील महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाकडील आरमारासाठी ठरवून दिलेली रक्कम आणि धान्य दौलतखान व दर्यासारंग यांना वेळेवर पोचते केले नव्हते. महाराजांनी त्याला अत्यंत कडक शब्दांत जाब विचारला आहे. शत्रूशी झगडणाऱ्या लोकांची रसद अडविणारा मनुष्य शत्रूलाच सामील असला पाहिजे, इतका गंभीर संशय त्यांनी व्यक्त केला आहे, आणि जातीने ब्राह्मण आहे म्हणून मुलाहिजा होणार नाही, असेही बजावले आहे. राजाने आपला राग पगार थकविणाऱ्या अधिकाऱ्यावर काढला. उपाशी खलाशांनी निष्ठेने राहावे असा उपदेश केला नाही.

येथे एक स्वानुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. फार वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत नोकरीस असताना तेथील शिपाई निवृत्त झाला. तीस वर्षे त्याने घंटा कधी चुकविली नव्हती. समारंभ थाटाचा झाला. शाल, श्रीफळ, हार, आणि आमचेही एक लांबलचक भाषण. दुसऱ्या दिवशी तो शाल घडी घालून हातात घेऊन आला आणि आपल्या थकलेल्या तीन महिन्यांच्या पैशांचे काय झाले, एवढेच हळू आवाजात विचारू लागला. आम्ही चौकशी करतो म्हणालो. ती आम्ही पुरती केली नाही, हे आज कबूल करतो. पद्मदुर्गाचे ते पत्र पुढे वाचनात आले, तेव्हा त्या शालेची घडी डोळ्यांपुढे उभी राहिली.

याच पद्मदुर्गाच्या परिसरातील लाय पाटील या सोनकोळी वीराची कथा मुरुडच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पेशव्यांनी जंजिऱ्यास वेढा दिला होता. रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावण्याचे काम लाय पाटलाने पत्करले. खाली खवळलेला समुद्र, वर शत्रूचा पहारा. अशा स्थितीत त्याने व त्याच्या साथीदारांनी शिड्या लावल्या आणि ते वाट पाहत राहिले. ठरल्याप्रमाणे चढून जाणारी तुकडी आली नाही. पहाट होऊ लागली, तेव्हा शिड्या काढून ते परतले. मोहीम फसली. सामान्य धन्याने फसलेल्या कामाची आठवणही नको म्हटले असते. महाराजांनी मात्र लाय पाटलाला रायगडी बोलावून त्याला पालखीचा मान देऊ केला. त्या काळी याहून मोठा मान नव्हता. लाय पाटलाने तो नम्रपणे नाकारला. आम्ही दर्यावर वावरणारी माणसे, पालखीत बसून कोठे जाणार, असा त्याच्या बोलण्याचा भाव. महाराजांनी राग मानला नाही. त्यांनी एक गलबत बांधवून त्याचे नावच पालखी ठेवले आणि ते लाय पाटलाच्या स्वाधीन केले.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की दुसऱ्याच्या दिरंगाईने काम बिघडले म्हणून ज्याने आपला वाटा चोख उचलला त्याचा गौरव बुडाला नाही. दुसरी ही, की देणाऱ्याला काय शोभते यापेक्षा घेणाऱ्याला काय उपयोगी पडते, हे पाहिले गेले. कोळ्याला पालखी आणि शिपायाला शाल हे मान खरेच; परंतु ते ज्याचे त्याच्या मापाचे असावेत.

महाराजांच्या अखेरच्या वर्षी, १६७९ च्या पावसाळ्याअखेर, थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडावर किल्ला होतो हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठविली. मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी लहान लहान होड्यांतून रात्रीच्या रात्री थळ-नागावकडून रसद नेली, दिवसा तोफांचा मारा सोसला आणि बांधकाम थांबू दिले नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. त्या लढाईत इंग्रज जहाजांवर कॅप्टन केग्विन नावाचा अधिकारी होता. याच केग्विनने पुढे डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईच्या किल्ल्यात स्वतःच्या कंपनीविरुद्ध बंड केले आणि जवळजवळ वर्षभर मुंबई ताब्यात ठेवली. कंपनीने काटकसरीच्या नावाखाली शिपायांचे वेतन व भत्ते छाटले होते, हे त्या बंडाचे एक मोठे कारण. खांदेरीवरून मुंबई नजरेच्या टप्प्यात आहे. एकाच पाण्याच्या दोन काठांवर दोन धनी होते. एकाची माणसे उघड्या होडीत बसून तोफांसमोर टिकली, दुसऱ्याची भक्कम कोटात बसून उलटली.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांनी देह ठेवला. वय अवघे पन्नास वर्षांचे. पुढे औरंगजेब सर्व सामर्थ्यानिशी दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली येथेच मेला. १६८९ साली रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीस गेले, खजिना आटला. तरी लढणारी माणसे संपली नाहीत. मात्र त्या आणीबाणीत सरदारांना धरून ठेवण्यासाठी वतने आणि मुलूख तोडून देण्याचा जुना मार्ग पुन्हा चालू करावा लागला. त्याने वेळ निभावली, परंतु पुढे प्रत्येक जण आपापल्या मुलखाचा राजा झाला. महाराजांच्या तालमीत वाढलेले रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात या धोक्याची चर्चा आहे. आरमाराबद्दल तर त्यात फार मार्मिक सूचना आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावर मिळणाऱ्या पैदाशीवर सोपवू नये. तसे केल्यास सावकार-व्यापारी नाडले जातात आणि बंदरे ओस पडतात. चाकराची भाकरी कशावर अवलंबून ठेवली, त्यावर त्याचे वर्तन ठरते, हे त्या सूचनेचे सार आहे.

जुलै २०२५ मध्ये रायगड आणि खांदेरी यांसह महाराजांच्या परंपरेतील बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आपणा किनाऱ्यावरील लोकांना त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु ते किल्ले ज्या गुणावर उभे राहिले, त्याची ओळख आपल्या घरात, वाडीत आणि दुकानात किती आहे, हे ज्याने त्याने पाहावे. गड्याचे पैसे ठरल्या दिवशी मिळतात काय? तो आजारी पडला तर त्याच्या घरी चूल पेटते काय, याची विचारपूस होते काय? त्याने केलेले काम चारचौघांत त्याच्या नावाने सांगितले जाते, की आपल्या नावाने?

अखेरीस मंडळापुढे एक विनंती. आपल्या वार्षिक संमेलनात देणगीदारांचा सत्कार होतो, तो व्हावाच. परंतु पंगतीची भांडी मोजून ठेवणारा, सतरंज्या अंथरणारा, वह्या-पुस्तके वाटायला उन्हातून घरोघर फिरणारा जो स्वयंसेवक आहे, त्याचे नाव या स्मरणिकेच्या एखाद्या पानावर छापले जावे. आणि मांडववाल्याचे, आचाऱ्याचे व वाढप्यांचे पैसे सत्काराच्या आधी चुकते व्हावेत. पुढील वर्षी ते पान आम्हांस वाचावयास मिळाले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू. इत्यलम्.